शिकारी रायफलचा नवा दस्ता: अर्जातला एक रकाना आणि लांबलेली प्रतीक्षा

माझ्या बोल्ट रायफलचा (जिचा काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागेपुढे करतात) अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, म्हणजे नळीखालून खांद्यापर्यंत जाणारा भाग, मला मनापासून आवडत होता, तरीही तो बदलावा लागला. ओल्या हवेत लाकूड पाणी धरते आणि फुगते, दस्त्याचा पुढचा भाग नळीला एका बाजूने टेकू लागतो आणि गोळी नेमापासून सरकते. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसते आणि नेम पुन्हा बदलतो. दुर्बिणीचे स्क्रू तपासले, काडतुसे तीच ठेवली, तरी पावसानंतर गोळ्या डावीकडेच जात राहिल्या. शेवटी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली, तेव्हा ती अर्ध्या वाटेत अडकली आणि कारण स्पष्ट झाले.

कशाचा दस्ता घ्यावा हे ठरवायला फारसा वेळ लागला नाही. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला दस्ता साध्या लाकडापेक्षा खूपच स्थिर असतो, पण वजनाला भारी पडतो. साच्यात ओतलेला स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता पाण्याला दाद देत नाही, मात्र त्याचा पुढचा भाग अनेकदा इतका लवचीक असतो की टेकूवर जोर देताच तो नळीला भिडतो. यावरून प्लॅस्टिक म्हणजे तकलादू असा निष्कर्ष काढू नये. रेमिंग्टनने 1959 मध्ये बाजारात आणलेल्या नायलॉन 66 या छोट्या रायफलचा दस्ता नायलॉनचाच होता आणि तो टिकाऊपणासाठीच ओळखला गेला. प्रश्न पदार्थाच्या नावाचा नसून दस्ता किती ताठ आहे आणि काडतूस आत घेऊन झाडणारी धातूची यंत्रणा, म्हणजेच अ‍ॅक्शन कशावर बसते याचा आहे. म्हणून मी फायबरग्लासचे थर हाताने बसवून केलेला, आत स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे स्तंभ असलेला दस्ता निवडला.

गाडी अडली ती मागणीच्या अर्जावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. अर्जात रायफलचे मॉडेल, उजवा की डावा हात, मॅगझिनचा प्रकार आणि नळीचा प्रकार एवढे रकाने होते. नळीसाठी ‘हलकी’, ‘मध्यम’ आणि ‘जाड’ असे तीनच पर्याय होते आणि माप लिहायला कुठेही जागा नव्हती. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या, आखूड आणि लांब अ‍ॅक्शन, स्थिर आणि सुटे मॅगझिन असे सगळे विकले जाते, हे दस्ता बनवणाऱ्याला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? माझी नळी त्यांच्या हलक्या आणि मध्यम या दोन मापांच्या मधली होती. मी शेऱ्याच्या जागी व्हर्नियरने घेतलेली मापे लिहून पाठवली, तर यादीतलाच पर्याय निवडा, शेरे विचारात घेतले जात नाहीत, असे उत्तर आले. मध्यम हा पर्याय त्यांनीच सुचवला आणि त्यानंतर महिनोन्‌महिने वाट पाहण्यात गेले. हाताने केलेल्या वस्तूला वेळ लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आलेला दस्ता दिसायला देखणा होता, पण कागदाची पट्टी त्यातही अडकली. नळीच्या खालच्या बाजूला मेणबत्तीची काजळी धरून ती दस्त्यात बसवली, स्क्रू आवळले आणि पुन्हा काढली, तेव्हा नळी बसण्याच्या खाचेच्या उजव्या काठावर बोटभर लांबीचा काळा पट्टा स्वच्छ उमटलेला होता. मी त्याचे छायाचित्र मापांसह पाठवले. ‘हा दस्ता या मॉडेलला बसतोच’ हेच वाक्य मला लेखी आणि फोनवर पुन:पुन्हा ऐकवण्यात आले, जणू माझ्या हातातली रायफल हा पुरावाच नव्हता. अखेर खाच रुंद करून द्यायला ते तयार झाले, पण माझी मागणी पुन्हा रांगेच्या शेवटी गेली. सांगितलेली मापे नाकारून झालेल्या चुकीची प्रतीक्षा ग्राहकाने का भोगावी, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

म्हणून अर्ज काहीही विचारो, आपण रायफल रिकामी असल्याची खात्री करून मापे घ्यावीत आणि ती मान्य असल्याचे लेखी कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अ‍ॅक्शनलगत आणि दस्त्याचे पुढचे टोक जिथे येईल तिथे नळीचा व्यास मोजावा, दस्ता आवळणाऱ्या दोन्ही स्क्रूंच्या मध्यांमधले अंतर घ्यावे आणि अ‍ॅक्शनचा तळ सपाट आहे की गोल तेही कळवावे. मॉसर 98 आणि 1936 चे विंचेस्टर मॉडेल 70 यांचा तळ सपाट असतो, तर 1962 चे रेमिंग्टन 700 गोल तळाचे असते; एकाचा दस्ता दुसऱ्याला तसाच्या तसा बसत नाही.

दुरुस्त होऊन आलेल्या दस्त्यात मात्र पट्टी नळीखालून अडथळ्याशिवाय अ‍ॅक्शनपर्यंत गेली, आणि तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. त्यानंतर इपॉक्सीचे बेडिंग (दस्ता आणि यंत्रणा यांच्यामधली पोकळी भरून पक्की बैठक करणे) एका अनुभवी कारागिराने करून दिले. ते नीट झाले आहे का हे पाहण्यासाठी दस्त्याचे टोक आणि नळी यांच्या सांध्यावर बोट ठेवून पुढचा स्क्रू सैल करावा. नळी हललेली जाणवली तर अ‍ॅक्शन ताणाखाली बसली आहे असे समजावे. धातूच्या स्तंभांवर साधारण 65 इंच-पौंड, म्हणजे सुमारे 7.3 न्यूटन-मीटर, इतक्या जोराने स्क्रू अनेकदा आवळले जातात, परंतु निर्मात्याने आकडा दिला असेल तर तोच पाळावा आणि टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरावा.

मागवतानाच सांगायची एक गोष्ट म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर. बाजारात ते बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असते; थंडीत जाड कोट घालून शिकार करणाऱ्याने ते कोट घालूनच तपासावे, आणि दुर्बीण उंच बसवली असेल तर गाल टेकवायची बाजूही तेवढी उंच हवी. नव्या दस्त्यासोबत जुने स्क्रू वापरत असाल तर पुढचा स्क्रू लांब पडून बोल्टला अडत नाही ना, हे नेम नव्याने लावायला जाण्याआधी रिकाम्या रायफलचा बोल्ट मागेपुढे करून पाहावे. अडत असेल तर स्क्रूचे टोक घासून आखूड करून घ्यावे.