तुम्ही विचारलंत म्हणून: कुणाचा सल्ला ऐकायचा?

"सॉफ्टवेअरच्या डिझाइनबद्दल जो तो काहीतरी सांगतो, नक्की कुणाचं ऐकायचं?" असं ज्युनिअर मंडळी मला हमखास विचारतात. सल्ला नंतर बघा हो, आधी तो देणाऱ्याचं दुखणं काय होतं ते बघा.

आमचंच सांगतो. आम्ही चौघंजण, आणि मोठ्या कंपन्या करतात म्हणून आम्हीपण मायक्रोसर्व्हिसेस (एकाच प्रोग्रॅमचे वेगवेगळे चालणारे छोटे तुकडे) केल्या, एकदोन नाही, चांगल्या सात, मग साधं एक फील्ड वाढवायचं तरी तीन रेपोत (कोडच्या साठ्यांत) बदल, तीन डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं), त्यांचा क्रम चुकला की लॉगिन बंद. आधी जे एका फंक्शन कॉलमध्ये व्हायचं ते आता नेटवर्कवरून जायला लागलं, म्हणजे टाइमआउट आले (उत्तर वेळेत येईना), म्हणून रिट्राय टाकला (तीच विनंती पुन्हा पाठवायची), तर तीच एन्ट्री दोनदा पडायला लागली, ती निस्तरायला अजून कोड. आणि डेटाबेस मात्र सगळ्यांचा एकच, म्हणजे तुकडे नावापुरतेच वेगळे! (हसू नका, तुमच्याकडेही असेल.)

मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की सिस्टीमची रचना ती बनवणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्याच्या रचनेसारखीच होते. शंभर टीम असतील तर एकीला दुसरीसाठी खोळंबायला नको म्हणून तुकडे पाडणं ठीक. आम्ही चौघं एकाच टेबलाशी बसायचो, आम्ही कुणासाठी खोळंबणार होतो?

शिवाय सल्ले अर्धेच पोचतात. 'आधीच ऑप्टिमाइझ करत (वेगासाठी कोड घासत) बसू नका' हे डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाच्या नावावर सगळे ऐकवतात, पण १९७४ च्या त्याच लेखात तो म्हणतो की साधारण ९७ टक्के वेळा बारीकसारीक वेग विसरा, उरलेल्या ३ टक्क्यांत मात्र संधी सोडू नका, आणि ती जागा अंदाजाने नाही, मोजून शोधा. आमच्या एका बहाद्दराने यातला पहिला अर्धा भाग ऐकवून लूपमधली (यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणारी) डेटाबेस क्वेरी तशीच ठेवली होती, म्हणजे हजार ओळींच्या यादीला हजार एक क्वेऱ्या. प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावला तेव्हा गप्प बसला.

फोल्डर कसे लावायचे, नावं कशी द्यायची, यात कुणाचंही ऐका, पटलं नाही तर संध्याकाळी बदला. पण डेटाबेसचा स्कीमा (टेबलांची रचना) किंवा बाहेरच्यांना दिलेला एपीआय (त्यांचे प्रोग्रॅम आपल्याशी बोलतात ती पद्धत) असेल तर तो असा सहज बदलता येत नाही, म्हणून सांगणाऱ्याला सरळ विचारा, तू हे स्वतः किती वर्षं सांभाळलंस? बरेच जण इथेच विषय बदलतात.

त्या सातातल्या सहा आम्ही परत एकात घातल्या, दीड महिना गेला. पीडीएफ बनवणारी सातवी अजून वेगळीच आहे, कारण ती मेमरी खाते, आणि पडली तर एकटी पडते.