अद्भुत लिहायचं तर आधी मगर नीट बघावी लागते

लिहायला कधी बसावं, किती वेळ बसावं, लिहिलेलं परत कधी तपासावं याबद्दल मला पटलेलं सगळ्यात नेमकं मार्गदर्शन साधारण अकराशे वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ छापून बाहेर आला तो आमच्या बडोद्यातून. राजशेखराची काव्यमीमांसा. १९१६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीज सुरू झाली तेव्हा पहिलं पुस्तक म्हणून हेच निघालं, चिमणलाल दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री यांनी संपादन केलं होतं. त्यातला दहावा अध्याय कवीने कसं जगावं, कसं काम करावं यावर आहे. मी मराठीत फँटसी लिहिते, शापित शहरं, बोलणाऱ्या नद्या, जादू जाणणारी घराणी असं सगळं, आणि लोकांना वाटतं असं लिहिणारी बाई मूड लागला की रात्र रात्र जागून लिहीत असणार. मी तसं लिहीत नाही आणि मला तसं लिहावंसंही वाटत नाही.

राजशेखर दिवस-रात्रीचे आठ प्रहर पाडतो आणि प्रत्येकाला काम लावून देतो. सकाळचा पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा रचना करण्याचा, जेवणानंतर तिसरा प्रहर चार जाणकार लोकांशी काव्याच्या गप्पांचा, आणि चौथा सकाळी जे रचलं ते तपासायचा. रात्री ते पक्कं लिहून काढायचं, मग चांगली झोप काढायची, आणि पहाटे उठायचं कारण तेव्हा मन स्वच्छ असतं. झोप काढा असं स्पष्ट सांगणारा साहित्यशास्त्री मला फार आवडतो. बाग हवी, तळं हवं, मोर-हरणं हवीत असंही तो म्हणतो, ते बडोद्याच्या भर दांडिया बाजारात कुठून येणार, पण सामानाच्या यादीत पेटी, फळा-खडू, दौत, ताडपत्रं, भूर्जपत्रं यांच्यासोबत चांगली घासून गुळगुळीत केलेली भिंतसुद्धा आहे. ते वाचलं आणि मी मागच्या खोलीची एक अख्खी भिंत काळ्या फळ्याच्या रंगाने रंगवून घेतली. माझ्या कादंबरीतल्या शहराचा नकाशा आज त्या भिंतीवर आहे, खडूने काढलेला, घाट कुठे, वेस कुठे, पूर आला तर पाणी आधी कुठल्या आळीत शिरणार हे सगळं, आणि रोज काहीतरी पुसलं जातं, काहीतरी नवीन येतं.

कवींचे वेळेवरून त्याने चार प्रकार केलेत. एक गुहेत, तळघरात बसून ऊनही न बघता लिहिणारा. दुसरा मन लागलं की बसणारा. तिसरा नोकरी-चाकरी सांभाळून मिळालेल्या वेळात लिहिणारा, त्याला दत्तावसर म्हटलंय. चौथा काही निमित्त आलं की लिहिणारा. मी एका औषध कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये आहे, त्यामुळे मी तिसऱ्यातली, आणि इतक्या जुन्या काळात आपल्यासारख्यांची नोंद कोणीतरी मान देऊन घेतलीय याचा मला खरंच आधार वाटतो. पहाटे उठून कंपनीची बस येईपर्यंत लिहायचं. हाताने, वहीत. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. संध्याकाळी आल्यावर नवीन एक ओळ लिहायची नाही, फक्त सकाळचं वाचायचं आणि कापायचं.

हे संध्याकाळचं वाचन म्हणजे माझ्या मते सगळ्या लिखाणाचा कणा आहे. राजशेखराचं म्हणणं असं की माणूस रसाच्या भरात लिहीत असतो तेव्हा त्याला चांगलं-वाईट निवडायची नजर नसते, म्हणून नंतर परत बघायचं, जास्तीचं काढायचं, राहिलेलं भरायचं. फँटसीत तर हे दुप्पट लागतं. पहाटे लिहिताना नायिकेने नदीला हाक मारली आणि नदी उभी राहिली हे इतकं सहज लिहून होतं, संध्याकाळी वाचताना प्रश्न पडतात की नदी उभी राहिली तर खालच्या गावांना पाणी कुठून, मासे कुठे गेले, कोळ्यांनी त्या दिवशी काय खाल्लं. ज्या प्रश्नाला उत्तर सापडतं तो प्रसंग राहतो. नाही सापडलं तर तो कितीही सुंदर लिहिला असला तरी जातो.

अर्धवट लिहिलेलं कोणाला वाचून दाखवू नये, नाहीतर ते पूर्ण होत नाही, हेही त्याने सांगितलंय आणि मी ते पाळते. अख्खा चॅप्टर झाला की मगच रविवारी दुपारी झोपाळ्यावर बसून वाचून दाखवायचं. ऐकायला सासूबाई आणि शेजारच्या काकी, दोघीही जन्मापासून बडोद्याच्या. सासूबाईंनी फँटसी नावाचं काही वाचलेलं नाही पण कहाण्या, पुराणं, कीर्तनं ऐकून कान इतका तयार आहे की कच्चा धागा लगेच सापडतो. एकदा शापाचा प्रसंग वाचला, मला स्वतःला फार आवडलेला, तर त्या म्हणाल्या, "अगं, शाप दिला ते ठीक, पण उःशाप कुठाय? उःशाप नसेल तर गोष्ट पुढे कशी जाईल?" मी म्हटलं, "आई, तिसऱ्या भागात देणार आहे." तर म्हणाल्या, "मग देणारीला तो आत्ताच माहीत पाहिजे, ऐकणाऱ्याला नसला तरी चालेल." मी दुसऱ्या दिवशी पहाटे तो प्रसंग मुळातून परत लिहिला.

आता हे सगळं सुचतं कुठून याचं उत्तर. माझं म्हणणं असं आहे की अद्भुत गोष्ट खरी वाटायची असेल तर तिच्या आजूबाजूचं सगळं खरं असलं पाहिजे, आणि ते खरं आपण स्वतः नीट बघितलेलं असलं पाहिजे. मराठीत फँटसी लिहिणारी नवीन मुलं मला लिखाण पाठवतात, त्यात पाईनची जंगलं, बर्फातले किल्ले, शेकोटीवर भाजलेलं हरीण, आणि लिहिणारा राहतो बडोद्यातल्या वाघोडिया रोडला. त्याने बर्फ लिहू नये असं नाही, पण ज्याच्या शहरातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात त्याने ड्रॅगन उसना का आणावा?

आमच्याकडे मगर ही झूमधली गोष्ट नाहीच. नदी भर शहरातून जाते आणि मगरी तिच्या काठाला बिळं करून राहतात, हिवाळ्यात ऊन खायला बाहेर येतात तेव्हा पुलावरून दिसतात, लोक स्कूटर थांबवून बघतात आणि कामाला जातात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी सोसायट्यांच्या आत आल्या होत्या, शहरातल्या अकोटा भागात तर एका घराच्या छपरावर मगर बसलेली सगळ्या देशाने बघितली. त्या दिवसांत आम्ही वरच्या मजल्यावर होतो, खाली पाणी, लाईट नाही, आणि मला सारखं वाटत होतं की हेच आहे ते, माणसांनी नदीची जागा घेतली आणि नदी एक दिवस आपली माणसं घेऊन परत आली. माझ्या कादंबरीचा पाया तिथे पडला.

पण नुसत्या त्या भावनेवर पुस्तक उभं राहत नाही म्हणून मग मी मगरींबद्दल मिळेल ते वाचायला लागले. आणि काय काय सापडलं. मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं अंड्याच्या आतून आवाज करतात, तो ऐकून ती माती उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते, म्हणजे ज्या जबड्याने म्हैस ओढायची त्याच जबड्यात एवढीशी पिल्लं, एकालाही दात न लागता. पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्यात किती ऊब होती यावर ठरतं. आणि मद्रासच्या क्रोकोडाईल बँकेत अभ्यासकांनी असंही बघितलंय की बगळ्यांचा घरटी बांधायचा सीझन आला की मगरी तोंडावर काटक्या ठेवून निश्चल पडून राहतात, बगळा काटकी उचलायला आला की संपला. यापुढे मी कल्पनेने वेगळं काय करणार? माझ्या कादंबरीतले नदीचे राखणदार इथूनच आले. त्यांची अंडी शहराच्या घाटाखाली आहेत, ज्या वर्षी उन्हाळा चढतो त्या वर्षी सगळे नर जन्मतात, म्हणून राजघराणं घाटाच्या पायऱ्यांवर रोज पाणी शिंपडायला माणसं ठेवतं, आणि एका वर्षी कोणीतरी मुद्दाम पाणी शिंपडत नाही. पुढचं सगळं युद्ध त्या एका कोरड्या उन्हाळ्यातून निघतं. मला प्लॉट शोधायला लागला नाही, मगरीने दिला.

दुसरा मोठा साठा म्हणजे बडोद्याची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर वाचनालयं उभी केली, गावोगावी लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायची, हे बडोद्यात लहान मुलालाही माहीत असतं. मला मात्र त्या इमारतीतली काचेची जमीन बोलावते. पुस्तकांच्या लोखंडी रॅकच्या मधली जमीन जाड काचेची आहे, उजेड वरच्या मजल्यावरून खाली झिरपावा म्हणून. खाली उभं राहून वर बघितलं की चालणाऱ्याची सावली तेवढी दिसते. माझ्या पुस्तकात एक ग्रंथालय आहे जिथे निषिद्ध पोथ्या सगळ्यात वर ठेवलेल्या आहेत आणि खालच्या मजल्यावरची मुलगी कोण वर गेलं हे फक्त पावलांच्या सावलीवरून ओळखते. तो चॅप्टर लिहायच्या आधी मी तिथे जाऊन नुसती वर बघत उभी होते, सावली उजेडात कधी लांबते, कधी विरते, टाच आधी दिसते की चवडा, हे टिपत.

इथल्याच ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये वाल्मिकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती झाली, १९६० ते १९७५ मध्ये सातही कांडं छापून आली. तिचं कुठलंही पान उघडा, वर श्लोक आणि खाली बारीक टाईपात पाठभेद, कुठल्या प्रदेशाच्या पोथीत कुठला शब्द वेगळा, कुठे दोन ओळी जास्त. ते पान बघितलं आणि मला माझ्या पुस्तकाचा आकार मिळाला. आपल्याकडे कुठलीही गोष्ट एकच नसते. पावागडचंच घ्या, नवरात्रात कालिका माता स्वतः गरबा खेळायला आली, चांपानेरच्या राजाने, पताई रावळाने तिचा पदर धरला, तिने शाप दिला आणि चांपानेर गेलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येक घरात वेगळी आहे. इतिहासात १४८४ साली महमूद बेगड्याने लांबलेल्या वेढ्यानंतर गड घेतला एवढंच आहे. गरब्यात ऐकलेला राजा वाईट आहे, काकी सांगतात तो राजा देवीला ओळखू न शकलेला अभागी माणूस आहे. म्हणून माझ्या शहराच्या शापाची गोष्ट प्रत्येक भागाच्या सुरुवातीला वेगळ्या आळीतला माणूस सांगतो, आणि त्यातली खरी कुठली हे मी शेवटपर्यंत सांगणार नाही.

उसनं घेण्याबद्दलही राजशेखराने लपवाछपवी केलेली नाही, त्यावर चक्क अध्याय लिहिलेत. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा व्यापारी नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. मला पटतं, फक्त मी माझ्यापुरता नियम केलाय की घ्यायचं ते दुसऱ्याच्या कादंबरीतून नाही, नदीतून, भिंतीवरून, लोकांच्या तोंडून घ्यायचं. रावपुऱ्यात तांबेकर वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारत रंगवलेलं आहे, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांचं गंगावतरण आहे. तिथे जाऊन मी कथा बघत नाही, ती माहीतच असते, मी बघते की चित्रकाराने गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाचे हात कुठे ठेवलेत. देव काढणं सोपं असतं हो, देवाकडे बघणारा माणूस काढता आला पाहिजे.

सध्या दुसऱ्या भागाचं काम चालू आहे आणि त्यात समुद्र येतोय. त्यासाठी कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा परत परत बघून येते. साधारण ७० फुटी आहे, १९४४ मध्ये महीसागरच्या, म्हणजे मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. पाऊस संपला की रैयोलीला जायचंय, बालासिनोरजवळ, तिथे डायनासोरची अंडी दगडात अजून दिसतात आणि राजासॉरस नावाच्या डायनासोरची हाडं तिथल्याच बाजूची, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. अंड्यांना हात लावून बघायचाय, मला खडबडीतपणा कळायला हवाय, चौथ्या प्रकरणात लागणार आहे. आणि एक विनंती, महीकाठच्या एखाद्या गावात तुमचं घर असेल आणि १९४४ चा तो मासा बघितलेल्या आजोबा-पणजोबांची काही गोष्ट घरात शिल्लक असेल, कितीही अर्धवट, कितीही वाढवून सांगितलेली, तर मला ती ऐकायची आहे. गुजरातीत असली तरी चालेल. एकाच घरात दोन प्रकारे सांगत असतील तर दोन्ही सांगा.