तुम्ही विचारलंत म्हणून : ‘तो फोन’ मी का बंद केला

“तुमचा तो फोन होऊ द्या की एकदा!” असा माझ्या ‘फोन’ नावाच्या नकलेचा आग्रह प्रत्येक समारंभात होतो आणि मी नाही म्हटले की पाठोपाठ प्रश्न येतो, “का हो सोडलंत? आता इंग्रजीच्या उच्चारांना हसायचंही नाही का?” घसा बसण्यापासून वय होण्यापर्यंतच्या सगळ्या सबबी मी आजवर सांगून पाहिल्या. त्यांतली एकही खरी नसल्यामुळे एकदा सविस्तर लिहितो.

त्या नकलांची मला लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक चुकीचा फोन येतो आणि पाच माणसे पाच तऱ्हांच्या इंग्रजीत त्याला उत्तरे देतात; ते पाचही आवाज काढायला कान लागतो. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करणारा हिंदी भाषक अडाणी नसतो. शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर त्याच्या जिभेला जड जाते, म्हणून ती आधी एका स्वराचा टेकू घेते. बंगाली माणसाच्या तोंडी ‘व्ह’चा ‘भ’ होतो, कारण त्याच्या भाषेत त्याला सर्वांत जवळचा ध्वनी तोच आहे. हे मला कोणी शिकवले नव्हते, नकला करता करता उमगले. आपण मराठी माणसे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ लिहिताना मोठ्या काटेकोरपणे वेगळे लिहितो आणि बोलताना बहुधा एकाच ‘व’वर भागवतो, हे मात्र माझ्या फोनमध्ये कधीच आले नाही. स्वतःचा उच्चार माणसाला ऐकू येत नाही, एवढेच त्याचे कारण असावे. (‘एपिटमी’ला मी वीस वर्षे ‘एपिटोम’ म्हणत होतो, घरच्यांनी ते अजून विसरू दिलेले नाही.)

आता खरे कारण. आमच्या कार्यालयातले हिशेबनीस, ज्यांना सगळेच अण्णा म्हणत, निवृत्त होत होते. अण्णा लिहिलेले अक्षर वाया जाऊ देत नसत. त्यांच्या खातेवहीत ‘सन्ड्री डेब्टर्स’ असत, बुडीत येणी ही ‘बॅड डेब्ट्स’ असत आणि पावती ‘रिसीप्ट’ असे; इंग्रजीत जे उच्चारायचेच नसतात ते ‘बी’ आणि ‘पी’ दोन्ही ठसठशीत. निरोप समारंभाच्या दिवशी मी ऐनवेळी फोनमध्ये सहावे पात्र घातले. चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, अण्णांसारखे अंगठ्याने पान उलटले आणि म्हणालो, “नो डाउब्ट, सर, यू आर अवर डेब्टर!” सभागृह कोसळायचे बाकी राहिले. पहिल्या रांगेतले अण्णा सर्वांत जास्त हसले, अगदी डोळे पुसण्याइतके.

त्यानंतर निरोपाला उत्तर देण्यासाठी ते उभे राहिले. वरिष्ठ मंडळी आलेली असल्यामुळे त्यांनी भाषण इंग्रजीत लिहून आणले होते. आखीव कागदाची दोन पाने, जागोजागी लाल शाईने खुणा केलेली. पहिला परिच्छेद त्यांनी नीट वाचला. मग एका ठिकाणी ते थांबले. बोट त्या ओळीवर होते, ओठ हलले, आवाज आला नाही. मागे कोणीतरी खुसखुसले. त्यांनी तो शब्द सोडून पुढची ओळ घेतली, तिथेही अडले, माझ्याकडे एकदा पाहिले. रागाने नव्हे, उत्तर अडलेला विद्यार्थी शेजारच्याकडे पाहतो तसे. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मराठीत म्हणाले, “तुम्हा सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे. नमस्कार.” आणि बसले. मला खात्री आहे की त्या कागदावर ‘आय ॲम इन युवर डेट’, म्हणजे ‘मी तुमच्या ऋणात आहे’, असेच काहीतरी होते, आणि अण्णांना एवढेच कळले होते की त्या शब्दात काहीतरी हसण्यासारखे आहे. नेमके काय, ते मी सांगितलेच नव्हते.

मग मी त्या ‘बी’च्या मागे लागलो. ऋण या अर्थाचा हा ‘डेट’ शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. लॅटिन ‘डेबिटुम’शी त्याचे नाते दिसावे म्हणून विद्वानांनी तो पुढे लिखाणात घुसवला, आणि बोलणाऱ्यांनी त्याची दखलही घेतली नाही. ‘डाउट’मधला ‘बी’ तसाच, ‘रिसीट’मधला ‘पी’ तसाच. ‘रिसीट’च्याच कुळातल्या ‘डिसीट’ला (फसवणूक) मात्र ‘पी’ चिकटला नाही. गंमत म्हणजे ‘डेबिटुम’मधूनच आलेल्या ‘डेबिट’मध्ये ‘बी’ उच्चारायचा असतो. म्हणजे एकाच खातेवहीत एका रकान्यातला ‘बी’ बोलका आणि दुसऱ्यातला मुका, आणि लिहिले तसे वाचायला देवनागरीने शिकवलेल्या माणसाने हे अंतर्ज्ञानाने ओळखायचे. अण्णा विद्वानांपेक्षा प्रामाणिक होते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पण ही पळवाट होती. ‘बी’ मुळातला असता तर मी वागलो ते योग्य ठरले असते का?

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो. तो म्हणतो, अण्णा हसले होते की नाही? इंग्रज एकमेकांच्या उच्चारांना हसत नाहीत का? १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स बीबीसीवर उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वळणाने बातम्या वाचू लागले, तेव्हा त्यांच्याच देशबांधवांनी नाके मुरडली होती. आणि लगेच बायबलमधली ‘शिब्बोलेथ’ची गोष्ट काढू नकोस, जिच्यात ‘श’ऐवजी ‘स’ म्हणणाऱ्यांना नदीच्या उतारावर ओळखून ठार केले. विनोद म्हणजे तलवार नव्हे. त्याचे हे सगळे मला पटते. ज्या घरात उच्चारांना हसता येत नाही त्या घरात जेवायलाही जाऊ नये, असे माझे आजही मत आहे. फक्त पिकल्स यांच्या हातात माइक होता आणि अण्णांच्या हातात घडी घातलेला कागद, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही.

दोन वर्षांनी मी अण्णांना फोन केला, माफी मागावी म्हणून. “अरे, कुठली नक्कल? मला तर आठवतही नाही,” ते म्हणाले आणि विषय त्यांच्या सोसायटीच्या हिशेबाकडे वळवला. बोलण्याच्या ओघात त्यांनी ‘डेटर्स’ म्हटले, ‘बी’शिवाय, अगदी बिनचूक. मी मागायची ती माफी मागितलीच नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ आहे आणि फोनची फर्माईश आली आहे. नाही म्हणून कळवायचे आहे. अजून कळवलेले नाही.