डोळे मिटून उचललेलं वजन

शंभर ग्रॅममध्ये दहा ग्रॅम वाढवले की हाताला लगेच कळतं. पाच किलोच्या पिशवीत तेच दहा ग्रॅम कुठे गेले, पत्ता लागत नाही. विद्यार्थिदशेत हा प्रयोग मी डोळे मिटून केला आणि मन मोजता येतं यावर विश्वास बसला. जर्मन शास्त्रज्ञ वेबरने हे हेरलं, फेशनर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये त्याला लॉगॅरिदमचं सूत्र दिलं: वजन पटीपटीने वाढलं, तर जाणीव सारख्या पायऱ्यांनी वाढते.

स्मृतीचा अभ्यास करणारा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस मला फार जवळचा वाटतो. निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करायची, स्वतःच विसरायची आणि विसरण्याचा वेग मोजायचा, तोही १८८५ च्या आधी!

मग थेट १९७८, माणूस निर्णय कसा घेतो याचं मानसशास्त्रज्ञ रॅटक्लिफचं गणिती प्रारूप: मेंदू एकेका उत्तराच्या बाजूचा पुरावा साठवत जातो, मर्यादा गाठली की निर्णय. उत्तर चुकण्याची शक्यता आणि लागणारा वेळ, दोन्ही त्या एकाच प्रारूपातून निघतात.