चावडी, चौथा टप्पा: कॉसमॉस हबचं मतदान ठाण्याच्या टर्मिनलवर

चावडी, म्हणजे कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवरचं (साखळीवरचं) मतदान पाहणारी माझी छोटी स्क्रिप्ट, आता दिवसातून चार वेळा आपणहून चालते. नौपाड्यातल्या आमच्या घरात, टीव्हीच्या कपाटावर, राउटरशेजारी ठेवलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर. कॉसमॉस हबवर मतदानासाठी खुला असलेला प्रत्येक प्रस्ताव, मतांची आत्ताची विभागणी, कोरम भरला की नाही आणि माझ्या व्हॅलिडेटरनं (साखळीवरचे ब्लॉक पडताळणारा, ज्याच्याकडे मी माझी नाणी सोपवली आहेत तो) काय मत दिलं, एवढं ती छापते. मागच्या टप्प्यात मी पहिल्या तीन गोष्टींवरच अडकले होते. चौथी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, ती या महिन्यात जमली.

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हबवर ८४८ क्रमांकाचा प्रस्ताव मतदानाला होता: अ‍ॅटम या हबच्या नाण्याच्या चलनवाढीची कमाल मर्यादा २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायची. माझे थोडे अ‍ॅटम एका व्हॅलिडेटरकडे स्टेक केलेले, म्हणजे तारण म्हणून अडकवलेले होते, आजही आहेत. मतदान चालू होतं ते नेमके दिवाळीचे दिवस. फराळ, पाहुणे, भाऊबीज यात मी वॉलेट उघडलंच नाही. उघडलं तेव्हा प्रस्ताव अगदी थोडक्यात मंजूर झालेला होता. कॉसमॉसमध्ये तुम्ही स्वतः मत दिलं नाही, तर तुमच्या स्टेकचं वजन व्हॅलिडेटरच्या मतामागे जातं. म्हणजे माझंही मत पडलं होतं, फक्त ते काय पडलं हे मला माहीत नव्हतं. नोडला, म्हणजे साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला, विचारलं तर उत्तर रिकामं. मतदान संपून मोजणी झाली की एकेकट्याची मतं साखळीच्या चालू स्थितीतून काढून टाकली जातात. उरते ती फक्त एकूण बेरीज. जुने व्यवहार उकरून ती शोधता येतात, पण त्यासाठी सगळा इतिहास साठवणारा नोड लागतो आणि सार्वजनिक नोड बहुधा जुनं छाटून टाकतात.

चावडीचा जन्म त्या रिकाम्या उत्तरातून झाला. आपल्या नावानं कोण काय बोललं, हे मतदान चालू असतानाच कळायला हवं. तेव्हाच ते बदलता येतं.

आता कामाकडे. पहिली आवृत्ती म्हणजे कर्ल (नेटवरून माहिती आणणारी कमांड) आणि जेक्यू (त्यातली हवी ती निवडणारी) यांच्या दहा ओळी होत्या. मतदानात असलेल्या प्रस्तावांची यादी मागवायची आणि आकडे छापायचे. पहिल्याच दिवशी ठेच लागली ती अगदी साधी: ज्या वेबपत्त्यावर माहिती मागायची त्यात दोन अटी जोडणारं अँडचं (&) चिन्ह असतं आणि पत्ता अवतरणात न घालता दिला, तर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, ते चिन्ह स्वतःसाठी घेतं, अर्धी कमांड मागे ढकलतं आणि उरलेली अट हरवते. मला मतदानातल्या प्रस्तावांऐवजी अगदी सुरुवातीचे, २०१९ चे प्रस्ताव दिसत होते. पत्ता नेहमी एकेरी अवतरणात घाला.

दुसरी ठेच जास्त महत्त्वाची, कारण तिथे चूक दिसतच नाही. प्रस्तावाच्या माहितीतच अंतिम मोजणीचा एक रकाना असतो. मतदान चालू आहे तोवर त्या रकान्यात चारही पर्यायांपुढे (होकार, नकार, व्हेटोसह नकार, तटस्थ) शून्य असतं. मी दोन दिवस ‘अजून कुणीच मत दिलं नाही’ असं समजत होते! चालू मोजणी हवी असेल तर त्या प्रस्तावाची टॅली स्वतंत्र विचारावी लागते, तिचा पत्ता वेगळा आहे. आकडे यूअ‍ॅटममध्ये येतात, म्हणजे अ‍ॅटमचा दहा लाखावा भाग, आणि तेही अवतरणात घातलेल्या मजकुरासारखे. त्यामुळे बेरजेआधी त्यांचं संख्येत रूपांतर करायचं.

मग गणित. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला मनापासून वाटतं, कारण ‘किती टक्के’ या एका प्रश्नाची इथे तीन वेगळी उत्तरं आहेत आणि प्रत्येकाचा छेद वेगळा आहे. कोरमसाठी चारही पर्यायांची बेरीज भागिले एकूण स्टेक केलेले अ‍ॅटम. हबवर ती मर्यादा ४० टक्के. व्हेटोसाठी ‘व्हेटोसह नकार’ भागिले पडलेली सगळी मतं, तटस्थ धरून, तो ३३.४ टक्क्यांवर गेला की प्रस्ताव पडला. आणि मंजुरीसाठी होकार भागिले तटस्थ वगळून उरलेली मतं. तो निम्म्याहून जास्त हवा. या मर्यादा मी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या दर वेळी साखळीलाच विचारते, कारण त्याही मतदानानंच बदलू शकतात.

सूत्र बरोबर आहे का, हे तपासायला संपलेले प्रस्ताव उपयोगी पडतात. त्यांच्या अंतिम मोजणीच्या रकान्यात खरे आकडे असतात. मी दोन मुद्दाम निवडले. ८४८ मध्ये होकार एकूण मतांच्या सुमारे ४१ टक्केच होता. माझ्या जुन्या सूत्रानं तो नामंजूर दाखवला, पण प्रत्यक्षात तो मंजूर आहे, कारण तटस्थ मतं बरीच होती आणि ती छेदातून गळतात. दुसरा ८२, नोव्हेंबर २०२२ चा, अ‍ॅटमची नवी दिशा मांडणारा. त्यात होकार ४७ टक्क्यांच्या वर, म्हणजे इतर कुठल्याही पर्यायापेक्षा जास्त, तरी फेटाळला गेला, कारण व्हेटो ३७ टक्क्यांच्या वर गेला. या दोघांचे निकाल बरोबर आले त्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजले होते. मी तो आउटपुट वहीत उतरवून ठेवला आहे.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते त्या वेळी वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना टाइप करत समोरच बसले होते, सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची म्हणून. ‘कोरम’ हा शब्द ऐकून ते उठून आले.

“तुमच्याकडे कोरम किती?”

“चाळीस टक्के. पण माणसं मोजत नाहीत बाबा, वजन मोजतात.”

“आमच्याकडे दोन तृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते. आणि नाही भरला तर अर्ध्या तासानं परत बसायचं, मग कोरम लागत नाही. तुमच्याकडे?”

“तहकूब सभा नाही. मुदत संपेपर्यंत भरला नाही, तर प्रस्ताव पडला.”

त्यांना ते पटलं. मग मी व्हॅलिडेटरचं सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे तुझं मत दुसराच देतो, आणि त्यानं काय दिलं हे तुला ठाऊक नाही? अगं, आमच्या सभेत मुखत्यारपत्र घेऊन आला तरी आम्ही बसू देत नाही. हे आधी नीट कर. टक्केवारी नंतर.”

त्यांचं बरोबर होतं. मी रंगीत पट्ट्या काढण्यात रमले होते. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांचा कोड काढला आणि व्हॅलिडेटरच्या मताला हात घातला.

यात मेख पत्त्याची आहे. आपण स्टेक करताना व्हॅलिडेटरचा जो पत्ता पाहतो तो ‘कॉसमॉसव्हॅलओपर’ या शब्दानं सुरू होतो. मतं मात्र नोंदवली जातात त्याच्या साध्या खात्याच्या पत्त्यावर, जो नुसत्या ‘कॉसमॉस’नं सुरू होतो. दोन्हींच्या पोटातले बाइट तेच. मला वाटलं, पुढचा शब्द बदलला की झालं. बदलला, विचारलं, आणि नोडनं पत्ता अमान्य म्हणून परत पाठवला. दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहून अक्षर अक्षर जुळवलं तेव्हा कळलं: मधला भाग हुबेहूब सारखा, शेवटची सहा अक्षरं वेगळी. ती सहा अक्षरं म्हणजे चूक पकडणारी तपासबेरीज, आणि बेक३२ या पत्ता लिहिण्याच्या पद्धतीत ती पुढच्या शब्दासकट काढतात. पुढचा शब्द बदलला की शेपूटही बदलते. पत्ता उलगडून बाइट काढायचे आणि नव्या शब्दानं पुन्हा बांधायचा, हाच मार्ग. हबच्या गाया या सॉफ्टवेअरच्या कमांडमध्ये पत्त्याची सगळी रूपं दाखवणारी डीबगची सोय आहे, तिनं हाताने पडताळून घेतलं. आता पायथनमधलं पंधरा ओळींचं फंक्शन ते करतं.

हो, मधल्या काळात मी जेक्यू सोडून पायथनवर आले. कारण सांगते, कारण हे तुमच्याही वाट्याला येईल. पुढे डीवायडीएक्स ही दुसरी साखळी जोडायची आहे. तिथे टोकनला १८ दशांश स्थळं असतात, त्यामुळे टॅलीतले आकडे अवाढव्य. जेक्यू हिशेब फ्लोटिंग पॉइंट या ठरावीक लांबीच्या साच्यात करतं, आणि २ चा ५३ वा घात ओलांडला की शेवटचे अंक गळायला लागतात. टक्केवारीत तो फरक दिसणार नाही, पण मी दर फेरीचा आकडा मागच्याशी ताडून पाहते, आणि तिथे चुकीचे शेवटचे अंक चालत नाहीत. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे होतात.

घड्याळाचा घोटाळा वेगळाच. ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस, वीज गेली, पहाटे आली. सकाळी पाहते तो चावडीच्या नोंदीत ‘मुदत संपायला ३१ तास’, आणि हाताने मोजले तर २६. पाय ४ मध्ये स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद झाल्यावर तो शेवटची आठवणारी वेळ धरून उठतो आणि नेटवरून बरोबर वेळ मिळेपर्यंत तीच खरी मानतो. नेट आलं त्याच क्षणी, वेळ जुळायच्या आधी, चावडी चालून गेली होती. आता शिल्लक वेळ मी पायच्या घड्याळावरून काढत नाही, साखळीच्या ताज्या ब्लॉकवर जी वेळ असते तिच्यावरून काढते. मतदान संपतं ते त्याच वेळेनं, तर मोजायचं दुसऱ्या वेळेनं कशाला? आणि ब्लॉकची वेळ व पायची वेळ यात दोन मिनिटांहून जास्त फरक असेल, तर चावडी एकही आकडा छापत नाही, पुढच्या सार्वजनिक नोडकडे जाते आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहते. मागे पडलेला नोडही यातच सापडतो. सगळ्या वेळा यूटीसीत येतात. छापताना साडेपाच तास मिळवते.

ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायला क्रॉन सोडून सिस्टमडीचा टायमर घेतला, तोही विजेमुळेच. वीज नसताना चुकलेली फेरी क्रॉन विसरतो. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ ही एक ओळ घातली की चुकलेली फेरी यंत्र उठल्यावर लगेच होते.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे नक्की वाचा. पायवर माझी कुठलीही किल्ली नाही, बीजशब्द (ज्यांवरून अख्खं वॉलेट पुन्हा उघडता येतं) तर नाहीतच. नुसतं पाहायला सार्वजनिक पत्ता पुरतो. प्रस्तावाचं शीर्षक आणि मजकूर कुणीही लिहू शकतं, आणि फुकट टोकनचं आमिष दाखवून वॉलेट रिकामं करणाऱ्या दुव्यांसाठी काही जण तेवढ्यासाठीच प्रस्ताव टाकतात. म्हणून चावडी फक्त मतदानापर्यंत पोहोचलेले प्रस्ताव दाखवते, दुवे छापत नाही, आणि शीर्षकातली नियंत्रण-अक्षरं (टर्मिनलला छुपे हुकूम देणारी) काढूनच टर्मिनलवर आणते. ही चाळणी विसरू नका, परक्याचा मजकूर आपल्या टर्मिनलवर तसाच सोडायचा नसतो.

बाकी राहिलं काय? वजन वाटून दिलेली मतं. एकच मतदार साठ टक्के होकार, चाळीस टक्के तटस्थ असं मत देऊ शकतो, आणि माझा कोड त्यातला पहिलाच पर्याय वाचतो. हे पुढच्या आठवड्यात. मग डीवायडीएक्स. कुणी हे आधी केलं असेल, तर सगळ्या मतांची पानं एकामागून एक मागवताना, विनंत्या जास्त झाल्या म्हणून नोडनं मध्येच हात आखडता घेतला की काय करता, ते मला सांगा. मी सध्या फक्त माझ्या व्हॅलिडेटरचं आणि माझं, अशी दोनच मतं विचारते, त्यामुळे माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

गेल्या मंगळवारी ऑफिसला जाताना, ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावरून गाडी सुटली आणि ऐरोली यायच्या आत टेलिग्रामवर चावडीचा निरोप आला. मी तो तीन ओळींचाच ठेवला आहे:

व्हॅलिडेटर: होकार
तुम्ही: मत नाही
शिल्लक: ४३ तास

तो प्रस्ताव मी आदल्या रविवारीच पूर्ण वाचला होता, सामुदायिक निधीतून खर्च मागणारा. खर्चाचा हिशेब कधी आणि कुणाला देणार हे त्यात कुठेच नव्हतं, आणि मला तो मान्य नव्हता. दिवसभर ते डोक्यात होतं. रात्री जेवणं झाल्यावर हार्डवेअर वॉलेट काढून लॅपटॉपवरून मत दिलं. स्वतःचं मत पडलं की तेवढं वजन व्हॅलिडेटरच्या मतातून वजा होऊन आपल्या पर्यायाकडे जातं. माझे अ‍ॅटम इतके थोडे, की टक्केवारीच्या दुसऱ्या दशांशातही काही हललं नाही. पण बाबांना मी टर्मिनलसमोर बोलावलं आणि फेरी हातानं चालवली. मधली ओळ बदलली होती. ‘तुम्ही: नकार’.

बाबांनी ती वाचली. “आता इतिवृत्तात बरोबर लागलं,” म्हणाले, आणि पुन्हा आपल्या सभेच्या सूचनेकडे वळले.