साठीनंतरचा शिपाई

वय 64, गुडघे कुरकुरतात, बंदूक कधी हातात धरलेली नाही. "बाबा, उद्या देश वाचवायला साध्या नागरिकांची सेना उभी राहिली, तर तुम्ही तिच्यात काय करणार?" मुलगा हसतो. अरे, 35 वर्षं गोदाम सांभाळलंय मी! कुठल्या खोक्यात काय, किती उरलं, कोण घेऊन गेलं, हे वहीत नसेल तर बंदूकवाले दोन दिवसांत उपाशी.

दुसऱ्या महायुद्धात, 14 मे 1940 ला, युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी ब्रिटनमध्ये रेडिओवरून 17 ते 65 वयाच्या पुरुषांना हाक दिली, त्यातूनच तिथलं होमगार्ड, म्हणजे अशीच नागरिकांची सेना, उभं राहिलं. पहारा हे त्यांचं मोठं काम. रात्री तीनला मी तसाही जागाच असतो. वायरलेसपाशी बसवा, वेळेसकट नोंद ठेवतो. धावायला मात्र सांगू नका. आणि चष्मे दोन लागतील, एक हमखास हरवतो.