तुम्ही विचारलंत म्हणून : 'मग खुनी कोण होता हो?'

१८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा 'जॅक द रिपर' कधीच सापडला नाही; त्याच्यावर मी बोलते. व्याख्यान संपलं की हात वर होतातच. "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण जॅक द रिपर होता कोण?" मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पाठोपाठ दुसरा प्रश्न, "म्हणजे लंडनचे पोलीस अगदीच बावळट?"

पूर्वी मीही 'हो' म्हणायचे. टाळ्या पडायच्या. आता म्हणवत नाही. १८८८ साली बोटांचे ठसे घेत नव्हते, डाग माणसाच्या रक्ताचा की बकऱ्याच्या हेही सांगता येत नव्हतं. तरी ऑक्टोबरपर्यंत ८०,००० पत्रकं वाटली, ७६ खाटकांकडे जाऊन आले. पायपीट कमी पडली नाही.

पण मग त्याच्या हातून मेलेल्यांपैकी कॅथरीन एडोज आठवते, आणि माझी वकिली बंद पडते.

२९ सप्टेंबरला रात्री साडेआठला ती ऑल्डगेटला दारू पिऊन पडलेली सापडली. सिटी पोलिसांनी बिशप्सगेट ठाण्यात नेलं. नाव काय, तर म्हणे 'नथिंग'. कोठडीत झोपली, उठल्यावर गात बसली. उतरली की सोडायचं, ही तिथली रीत. एकच्या सुमारास सोडलं. वाजले किती, तिनं विचारलं. आता दारू मिळायची नाही, शिपाई हट म्हणाला. घरी गेले की चांगलाच मार बसणार, ती म्हणाली. बसायलाच हवा, प्यायचा तुला काय हक्क, हट म्हणाला. दार ओढून घे म्हटल्यावर ती म्हणाली, "गुड नाइट, ओल्ड कॉक!" म्हणजे, येते रे दोस्ता. पावणेदोनला मायटर स्क्वेअरमध्ये तिचं प्रेत सापडलं. चालत दहा मिनिटंही नाहीत.

ते 'गुड नाइट' मी नक्कल करून सांगायचे. हशा ठरलेला. एकदा डोंबिवलीत पुढच्या रांगेतल्या एक आजी हसल्या नाहीत. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "मार बसणार म्हणाली ना गं ती? ते कुणी लिहून घेतलं का?"

घेतलं होतं, आजी. खून झाल्यावर, कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, हटनंच सांगितलं म्हणून.

हटनं करायचं तरी काय होतं? सोडली नसती तर जगली असती, पण हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि मार बसणार हे ठाऊक असून सोडली, त्याचं काय? दोन्ही बाजूंनी मीच बोलते आणि मीच गप्प होते.

नक्कल सोडली. वाक्य मात्र सांगतेच. अजूनही कुणीतरी हसतं.